खनिजांचे रासायनिक गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून दगड-मातीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत अकरावी-बारावीची मुलं आहेत, स्पर्धा परीक्षा देणारे आहेत, क्षारपड जमिनीने बेजार झालेले शेतकरी आहेत, फाउंड्रीतले कामगार आहेत आणि अंगठीचा खडा घ्यायला गुजरीत निघालेली मंडळीही आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. खनिज आणि दगड यात फरक काय? आम्ही दोन्ही एकच समजत होतो.

निसर्गात आपोआप तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि आतले अणू ठरावीक रचनेत बसलेले आहेत असा घन पदार्थ म्हणजे खनिज. दगड, म्हणजे खडक, बहुतेक वेळा अशा अनेक खनिजांचा मिळून झालेला असतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराचं देऊळ ज्या काळ्या पाषाणात आहे तो बेसाल्ट हा खडक. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या फिकट पट्ट्या, पायरॉक्सिनचे दाणे आणि मॅग्नेटाइटचे काळे कण वेगवेगळे दिसतात. त्यामुळे ‘बेसाल्ट कोणत्या गटात?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. त्यातल्या एकेका खनिजाला मात्र गट आहे.

२. खनिजांचे गट नेमके कशावरून पाडतात? रंगावरून, धातूवरून की कठीणपणावरून?

बहुतेक खनिजांच्या घडणीत दोन भाग असतात. एक धन भाराचा, तो सहसा धातूचा: लोखंड, तांबं, कॅल्शियम, सोडियम. दुसरा ऋण भाराचा: ऑक्सिजन, गंधक, क्लोरीन किंवा कार्बोनेट, सल्फेट, सिलिकेट यांसारखा जोडसमूह. गट पाडतात ते या ऋण भागावरून. धातू हे खनिजाचं नाव मानलं, तर ऋण भाग हे त्याचं आडनाव.

धातूवरून का नाही, हे तांब्याकडे पाहिलं की कळतं. निव्वळ तांबं ठोकून पत्रा करता येतो. चाल्कोपायराइट हे तांबं, लोखंड आणि गंधकाचं पितळी झळाळीचं ठिसूळ खनिज. मॅलाकाइट हिरवंगार, त्यावर ॲसिड टाकलं की फसफसतं. मोरचूद निळं आणि पाण्यात विरघळून जातं. चौघांतही तांबं आहे, पण वागणुकीत एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. उलट कॅल्साइट कॅल्शियमचं, सिडेराइट लोखंडाचं, मॅग्नेसाइट मॅग्नेशियमचं, ऱ्होडोक्रोसाइट मँगनीजचं. धातू चार वेगळे, तरी चारही जणांची फुटण्याची तऱ्हा एक, चारही चाकूने ओरखडतात आणि ॲसिडने बुडबुडे सोडतात, कोणी थंड ॲसिडने लगेच, तर कोणी जरा तापवल्यावर. कारण चौघेही कार्बोनेट.

एका गटातली खनिजं पुष्कळदा एकाच प्रकारच्या जागी सापडतात, हा आणखी एक फायदा. खारं पाणी आटलं तिथे हॅलाइड (ज्यांचा ऋण भाग क्लोरीन, फ्लोरीन यांसारखा) आणि सल्फेट. जमिनीखालच्या गरम पाण्याने भेगा भरल्या तिथे सल्फाइड.

स्वीडनचे बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनावर आधारलेली मांडणी आणली. त्यांनीही आधी धातूवरून गट पाडले होते; पुढे ते बदलून ऋण भागावर आणले. अमेरिकेचे जेम्स ड्वाइट डाना यांनी १८३७ साली जीवशास्त्राच्या धर्तीवर खनिजांची वर्गवारी केली होती. १८५० च्या सुमारास त्यांनीही ती सोडून रसायनाची वाट धरली.

३. एकूण गट किती? पुस्तकात आठ आहेत, इंटरनेटवर दहा दिसतात, एका ठिकाणी अठ्ठ्याहत्तर!

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. जर्मन खनिजशास्त्रज्ञ ह्यूगो श्ट्रुन्झ यांनी १९४१ साली रसायन आणि अणुरचना दोन्ही धरून मांडणी केली. तिच्या आजच्या रूपात दहा वर्ग आहेत: मूलद्रव्यं; सल्फाइड; हॅलाइड; ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड; कार्बोनेट (यातच नायट्रेट); बोरेट; सल्फेट; फॉस्फेट (यात आर्सेनेट आणि व्हॅनेडेटही); सिलिकेट; आणि सेंद्रिय खनिजं. शालेय पुस्तकं बोरेट आणि सेंद्रिय हे छोटे वर्ग गाळतात, म्हणून आठ उरतात. डाना यांच्या पद्धतीच्या नव्या आवृत्तीत याच वर्गांचे बारीक तुकडे केले आहेत, ते अठ्ठ्याहत्तर होतात.

परीक्षेला तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा. समजून घ्यायला दहा वर्ग पुरे. आजवर मान्यता मिळालेली खनिजं सहा हजारांच्या वर आहेत आणि ती सगळी या दहांत बसतात.

४. प्रत्येक गटाचं एखादं ओळखीचं उदाहरण द्याल का? पुस्तकातली नावं डोक्यात राहत नाहीत.

त्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानात जावं. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत बरण्यांमधून जवळपास सगळे गट मांडलेले असतात.

गंधक हे मूलद्रव्य, सोनं-चांदी-हिरा यांच्याच वर्गातलं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, आणि जुन्या पोथ्यांत चूक खोडायला लावत तो पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. ही दोन्ही सल्फाइड. सैंधव हे हॅलाइड, नवसागरही. गेरूला लाल रंग देणारं हेमेटाइट हे ऑक्साइड. खाण्याचा चुना ज्या चुनखडीपासून भाजून करतात तिच्यातलं कॅल्साइट हे कार्बोनेट. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोही त्याच वर्गात. टाकणखार, सोनाराची सवागी, हे बोरेट; लडाखच्या पुगा खोऱ्यात ते नैसर्गिकरीत्या सापडतं. तुरटी, हिराकस आणि मोरचूद ही सल्फेट. अभ्रक आणि संगजिरे ही सिलिकेट.

फॉस्फेट तेवढं या दुकानात भेटत नाही. त्याचं उदाहरण म्हणजे ॲपेटाइट. सुपर फॉस्फेट खत ज्या दगडापासून बनतं त्यातलं मुख्य खनिज हेच, आणि आपल्या दातांचा कठीण भागही जवळपास याच घडणीचा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बरणीतली तुरटी, मोरचूद, नवसागर आज बहुतेक कारखान्यात बनलेली असतात. घडण तीच, पण काटेकोर अर्थाने ती खनिजं नव्हेत (प्रश्न १५). आणि हिंगूळ, हरताळ, मनशीळ या वस्तू विषारी आहेत. मुलांना दाखवायच्या तर बरणीतच दाखवा. कुटू नका, तापवू नका.

५. सल्फाइड आणि सल्फेट यात कायम गोंधळ होतो. दोन्हींत गंधकच ना?

गंधक दोन्हींत आहे, पण सल्फाइडमध्ये ते धातूला थेट जोडलेलं असतं. सल्फेटमध्ये एका गंधकाभोवती चार ऑक्सिजन बसलेले असतात आणि हा पाचांचा समूह मिळून धातूला जोडला जातो. एवढ्यानेच सारं बदलतं. गॅलेना (शिसं आणि गंधक), पायराइट (लोखंड आणि गंधक) ही सल्फाइड जड, अपारदर्शक, धातूसारखी झळाळणारी. जिप्सम, बराइट ही सल्फेट पांढरी किंवा फिकट, काचेसारखी, धातूची झाक अजिबात नसलेली.

दोन्हींमधला दुवाही लक्षात घेण्यासारखा आहे. पायराइट ओल्या हवेत राहिलं की हळूहळू गंजतं, त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि लोखंडाचं सल्फेट तयार होतं. संग्रहातला पायराइटचा तुकडा पांढरट भुकटी सोडू लागला, तर समजावं की सल्फाइडचं सल्फेट होऊ लागलं आहे. तो तुकडा बाजूला काढून कोरड्या डबीत ठेवा, नाहीतर खालचा कागद आणि शेजारचे नमुनेही जातील.

६. सिलिकेटचा गट इतका मोठा का? आणि त्याचे उपगट कसे लक्षात ठेवायचे?

भूकवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे. दोन्ही मिळून जवळजवळ तीन चतुर्थांश. मग सिलिकेटचा बोलबाला असणारच. भूकवचाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग या एकाच गटाने व्यापला आहे.

सिलिकेटचा पाया म्हणजे एक सिलिकॉन आणि त्याच्या चार दिशांना चार ऑक्सिजन असा चौफलक. हे चौफलक एकमेकांना कसे जोडले आहेत यावरून उपगट ठरतात. सुटे राहिले तर ऑलिव्हिन, गार्नेट. दोन-दोन जोडले तर एपिडोटच्या कुळातली खनिजं. कडं करून बसले तर बेरिल, टूर्मलिन. एकेरी साखळी केली तर पायरॉक्सिन, दुहेरी केली तर ॲम्फिबोल. थरांत पसरले तर अभ्रक, संगजिरे आणि चिकणमातीची खनिजं. चारी बाजूंनी जाळी विणली तर फेल्डस्पार आणि झिओलाइट.

पाठ करण्यापेक्षा शेतात जाऊन पाहा. आपल्या काळ्या रानात मॉन्टमोरिलोनाइट हे थरांचं सिलिकेट भरपूर असतं. पावसाळ्यात पाणी त्याच्या थरांमध्ये शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते, पायाला चिकटते. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी उडून जातं, थर पुन्हा जवळ येतात आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात आणि संगजिरे बोटांत गुळगुळीत लागतं, तेही थरांमुळेच. झिओलाइटच्या जाळीत मात्र पोकळ्या असतात. त्यात पाणी मावतं, तापवल्यावर बाहेर पडतं आणि जाळी बहुधा शाबूत राहते.

७. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘लोहखनिजे, अलोह खनिजे, ऊर्जा खनिजे’ असे गट आहेत. तलाठी कार्यालयात ‘गौण खनिज’ म्हणतात. मग खरं वर्गीकरण कोणतं?

तिन्ही वर्गीकरणं खरी आहेत, पण तीन वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

पहिलं अर्थव्यवस्थेचं: या दगडातून कोणता धातू काढायचा? त्यात हेमेटाइट, मॅग्नेटाइट आणि सिडेराइट एकाच ‘लोहखनिजे’ मथळ्याखाली येतात. रसायनाने पाहिलं तर पहिली दोन ऑक्साइड आणि तिसरं कार्बोनेट. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यातली पायरोलुसाइट आणि ब्राउनाइट ही दोन्ही मँगनीजचीच, पण पायरोलुसाइट ऑक्साइड आणि ब्राउनाइट सिलिकेट.

दुसरं कायद्याचं. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात इमारतीचा दगड, साधी वाळू, मुरूम अशांना गौण खनिज म्हटलं आहे आणि त्यांचे नियम राज्य सरकार करतं. बॉक्साइट प्रमुख खनिजांत मोडतं. ही विभागणी परवाना आणि स्वामित्वधनासाठी आहे. मुरूम तर खनिजशास्त्राच्या दृष्टीने खनिजही नव्हे.

तिसरं रसायनाचं. या पानावर फक्त त्याचाच विचार केला आहे.

८. पन्हाळ्याचा जांभा आणि राधानगरीकडचं बॉक्साइट कोणत्या गटात येतात?

दोन्ही खडक आहेत (प्रश्न १), त्यामुळे आतल्या खनिजांचे गट पाहावे लागतात.

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली खनिजं मुख्यतः सिलिकेट. उष्ण आणि दमट हवामानात भरपूर पाऊस त्यावर लाखो वर्षं पडत राहिला की सिलिका, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम धुपून जातात. मागे राहतात ते न विरघळणारे लोखंड आणि ॲल्युमिनियम, तेही ऑक्सिजन आणि पाण्याशी जोडलेले. म्हणजे मूळ सिलिकेटचा खडक बदलून मुख्यतः ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा झाला.

जांभ्यात लोखंडाचा वरचष्मा असतो. त्याचा तुकडा फोडून भिंगाने पाहा: तांबडे भाग हेमेटाइटचे, पिवळट-तपकिरी भाग गोएथाइटचे आणि भोकांच्या कडेला साचलेली फिकट माती बहुधा केओलिनाइटची. हे तिसरं मात्र सिलिकेट. पन्हाळा आणि मसाई पठाराच्या माथ्यावर हे सगळं उघड्यावर आहे. हा थर माथ्यावरच का, तर सपाट माथ्यावरून पाणी पटकन वाहून न जाता झिरपत राहतं.

ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं की त्याला बॉक्साइट म्हणतात. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला ते खाणीतून काढलं गेलं आहे. अशा बॉक्साइटमधलं मुख्य खनिज गिब्साइट, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. त्यात ॲल्युमिनियम आहे म्हणून त्याला चिकणमातीच्या गटात ढकलू नका. चिकणमातीत ॲल्युमिनियम सिलिकेटला जखडलेलं असतं आणि ते सोडवणं फार खर्चाचं पडतं. धातूसाठी माती न खणता बॉक्साइट खणतात ते यासाठीच.

९. शिरोळकडे आमच्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर येतो. ते कोणतं खनिज? जिप्सम टाकू का?

पांढरा थर एकाच खनिजाचा असेलच असं नाही. सोडियम क्लोराइड (हॅलाइड), सोडियम सल्फेट (सल्फेट) आणि सोडियम कार्बोनेट (कार्बोनेट) यांचं मिश्रण शेतागणिक बदलतं. नुसत्या डोळ्यांनी ते वेगळं काढता येत नाही, आणि उपाय नेमका त्यावरच ठरतो. म्हणून आधी माती परीक्षण.

क्षार जास्त, पण सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून द्यायचा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. जिप्समची तिला गरज नसते. सामू ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण जास्त असेल तर जमीन चोपण. इथे जिप्सम कामाला येतं. ते कॅल्शियमचं सल्फेट. त्यातला कॅल्शियम चिकणमातीवरच्या सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर विरघळणारा क्षार होऊन पाण्यावाटे निघून जातो. पण त्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी. निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम वाया जातं.

मातीत पांढरे टणक खडे निघत असतील आणि त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे येत असतील, तर ते चुनखडीचे, म्हणजे कार्बोनेटचे. ही तिसरी गोष्ट आहे, वरच्या दोन्हींशी तिची गल्लत करू नका.

१०. नवरत्नं कोणकोणत्या गटात येतात?

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, म्हणून मूलद्रव्य. माणिक आणि नीलम हे एकच खनिज, कोरंडम, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोखंड आणि टायटॅनियमचा आला की नीलम. रंग इतके वेगळे, भाव वेगळे, ग्रह वेगळे, खनिज एक. रंगावरून गट पाडायचा मोह कोणाला झाला तर ही जोडी दाखवावी.

लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल. नाव बेरिलच्या जवळचं वाटलं तरी त्यात सिलिकॉन नाही. बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचं ते ऑक्साइड. पाचू मात्र खरं बेरिल, कड्यांचं सिलिकेट. गोमेद म्हणजे हेसोनाइट गार्नेट, सुट्या चौफलकांचं सिलिकेट. काही जण झिरकॉनलाही गोमेद म्हणून विकतात, तेही सिलिकेटच.

पुष्कराज घेताना विचारून घ्या. खनिजशास्त्रात टोपॅझ हे सिलिकेट आहे, पण आपल्या बाजारात पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नीलम देतात आणि तो ऑक्साइड. दोन्हींच्या किमतीत फार अंतर आहे. पावतीवर खनिजाचं नाव लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे.

उरले मोती आणि पोवळं. दोन्हींची घडण कॅल्शियम कार्बोनेटची, पण ती प्राण्यांनी बनवलेली (प्रश्न १५).

११. क्वार्ट्झ ऑक्साइड की सिलिकेट? दोन शिक्षकांनी दोन उत्तरं दिली.

दोघेही बरोबर सांगत आहेत. क्वार्ट्झमध्ये फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजन; वेगळा धातू नाही. नुसतं रसायन पाहिलं तर ते सिलिकॉनचं ऑक्साइड, आणि श्ट्रुन्झच्या यादीत ते ऑक्साइडमध्येच आहे. अणुरचना पाहिली तर चौफलकांची चारी बाजूंनी विणलेली जाळी, फेल्डस्पारच्या जातीची. म्हणून डानाच्या नव्या यादीत आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत ते सिलिकेटमध्ये येतं.

माझं मत विचाराल तर सिलिकेट. क्वार्ट्झ कठीण आहे, ॲसिडला दाद देत नाही, फेल्डस्पारच्या सोबतीने राहतं. हेमेटाइटशी त्याचं काही जुळत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल ते लिहा आणि जागा असेल तर दुसरी बाजूही एका ओळीत मांडा.

१२. हिरा आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट दोन्ही कार्बन, मग खनिजं दोन कशी?

गट रसायनावरून ठरतो. खनिज ठरायला रसायन आणि रचना दोन्ही लागतात. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार कार्बनांना घट्ट बांधलेला असतो. ग्राफाइटमध्ये कार्बन थरांत असतात आणि थर एकमेकांवर घसरतात, म्हणून ते कागदावर उमटतं. गट एकच, मूलद्रव्यं, खनिजं दोन. कॅल्साइट-अरॅगोनाइट आणि पायराइट-मार्कासाइट या जोड्याही अशाच. वाघोलीचं निळं कॅव्हान्साइट आणि त्याचा भाऊ पेंटागोनाइट यांचंही सूत्र एक आहे, रचना वेगळी.

१३. एकाच खनिजात दोन-तीन ऋण भाग असले तर गट कसा ठरवायचा?

जो समूह रचनेचा मुख्य सांगाडा आहे, त्याचा गट. सुटे क्लोरीन, फ्लोरीन, हायड्रॉक्सिल किंवा पाणी हे सोबती धरायचे. मॅलाकाइटमध्ये कार्बोनेट आणि हायड्रॉक्सिल दोन्ही आहेत, ते कार्बोनेट. ॲपेटाइटमध्ये फॉस्फेटबरोबर फ्लोरीन किंवा क्लोरीन असतं, ते फॉस्फेट. टोपॅझमध्ये फ्लोरीन असूनही ते सिलिकेट. टूर्मलिनमध्ये बोरेट आणि सिलिकेट दोन्ही समूह आहेत आणि तेही सिलिकेटमध्येच धरतात.

सगळ्यात जास्त फसगत कॅव्हान्साइटमध्ये होते. त्यात व्हॅनेडियम आहे म्हणून मुलं त्याला व्हॅनेडेट लिहितात. नावातच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन गुंफलेले आहेत आणि ते सिलिकेट आहे. झिओलाइटसोबत सापडणारं ॲपोफिलाइट झिओलाइट म्हणून विकलं जातं. सिलिकेट ते आहेच, पण थरांचं.

१४. ऑलिव्हिनमध्ये लोखंडही आणि मॅग्नेशियमही लिहिलेलं असतं. किती असेल तर कोणतं खनिज?

लोखंड आणि मॅग्नेशियमच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा, भारही सारखा. म्हणून एकाच्या जागी दुसरा बसू शकतो. ज्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त, त्याचं नाव: मॅग्नेशियम जास्त तर फोर्स्टराइट, लोखंड जास्त तर फायालाइट. प्लॅजिओक्लेजमध्येही असंच, तिथे सोडियम आणि कॅल्शियमची अदलाबदल होते. गट बदलत नाही, कारण बदल धन भागात आहे.

डोलोमाइटला हा नियम लावू नका. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आलटून पालटून ठरलेल्या थरांतच बसतात, म्हणून ते स्वतंत्र खनिज.

१५. बर्फ, पारा, कोळसा, मोती, हुपरीच्या पैंजणावरचा काळा थर: यांतलं काय खनिज आहे?

निसर्गात गोठलेला बर्फ खनिज आहे आणि तो ऑक्साइडच्या वर्गात येतो. पाणी नाही, ते घन नसतं. पारा द्रव असूनही अपवाद म्हणून खनिज मानला आहे, गट मूलद्रव्यं. कोळसा खनिज नव्हे, त्याची घडण ठरावीक नसते. मोती आणि पोवळं जिवंत प्राण्यांनी बनवलेली, त्यात भूशास्त्रीय प्रक्रियेचा हात नाही, म्हणून तीही यादीबाहेर.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तो थर सिल्व्हर सल्फाइडचा, आणि खाणीत सापडणाऱ्या अकॅन्थाइट या चांदीच्या खनिजाची घडण अगदी हीच. माणसाने घडवलेल्या दागिन्यावर तो आला म्हणून त्याला खनिज म्हणायचं नाही, एवढंच.

१६. आयुर्वेदातल्या महारस-उपरस या वर्गीकरणाशी हे जुळतं का?

जुळत नाही, कारण तिथला निकष वेगळा आहे. रसशास्त्रात पाऱ्यावरच्या संस्कारात आणि औषधात पदार्थ किती उपयोगी, यावरून वर्ग पडले. उपरसांच्या एकाच यादीत गंधक (मूलद्रव्य), गैरिक (ऑक्साइड), कासीस (सल्फेट), हरताळ आणि मनशीळ (सल्फाइड) शेजारी शेजारी येतात. त्या काळातल्या वैद्यांनी हे पदार्थ रंग, ज्योत, चव, तापवल्यावरचं रूप यांवरून अचूक वेगळे ओळखले, याचा मला मनापासून आदर आहे. दोन्ही याद्या एकमेकींवर बसवायचा अट्टहास मात्र करू नये.

१७. शाडूची आणि पीओपीची मूर्ती यांत खनिजांचा फरक काय?

शाडू म्हणजे चिकणमातीची खनिजं, थरांचं सिलिकेट. पाण्यात थर सुटतात आणि मूर्ती विरघळते. पीओपी जिप्समपासून, म्हणजे सल्फेटपासून होतं. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं. पाणी घातलं की ते परत जोडलं जाऊन पुन्हा जिप्सम होतं आणि घट्ट बसतं. घट्ट बसलेलं हे जिप्सम पाण्यात फार सावकाश विरघळतं. विसर्जनानंतर मूर्ती तशीच का राहते, याचं उत्तर यात आलं.

१८. फाउंड्रीत वाळू वापरतो ती कोणत्या गटातली? तिच्या धुळीने खरंच फुफ्फुसं खराब होतात का?

साच्याची सिलिका वाळू म्हणजे क्वार्ट्झ (प्रश्न ११). सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची प्रसिद्ध आहे. तिला बांधून ठेवणारं बेन्टोनाइट म्हणजे काळ्या रानातलंच मॉन्टमोरिलोनाइट (प्रश्न ६). क्वार्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलतं आणि फुगतं, त्यामुळे साच्याचा पृष्ठभाग उचलला जाऊन कास्टिंगवर दोष येतात. म्हणून काही कामांना क्रोमाइट वाळू घेतात. ती ऑक्साइड, आणि फार कमी फुगते.

धुळीचं म्हणाल तर होय, खरंच होतात. क्वार्ट्झची अतिबारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की सिलिकोसिस होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिरोली असो की गोकुळ शिरगाव, शेकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं) आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) यांच्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा आणि योग्य दर्जाचा मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

१९. घरी गट ओळखता येतो का? आणि सोनेरी चमकणारा दगड सापडला, सोनं असेल का?

काही गट घरी ओळखता येतात. बाथरूमच्या टाइलची मागची खडबडीत बाजू घ्या आणि त्यावर दगड घासा. रेघ तांबडी-तपकिरी आली तर हेमेटाइट, पिवळट-तपकिरी आली तर गोएथाइट, काळी आली आणि लोहचुंबकाला दगड चिकटला तर मॅग्नेटाइट. थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट. काचेवर ओरखडा पडला आणि लिंबाने काही झालं नाही तर बहुधा क्वार्ट्झ. बेसाल्टच्या पोकळीतले पांढरे स्फटिक चाकूने ओरखडत असतील आणि लिंबानेही काही होत नसेल, तर झिओलाइट किंवा ॲपोफिलाइट असण्याची शक्यता मोठी. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका आणि कोणताही दगड जिभेला लावू नका.

सोनेरी दगडाचं उत्तर याच टाइलवर मिळतं. सोन्याची रेघ सोनेरीच येते आणि सोनं ठोकल्यावर चपटं होतं. पायराइटची रेघ हिरवट-काळी, आणि तो ठोकला तर फुटतो. मातीत चमकणारे पातळ पापुद्रे असतील तर ते अभ्रक.

२०. घरच्या चाचणीने कळलं नाही तर पुढे काय?

क्ष-किरण विवर्तन चाचणीने अणूंची रचना कळते, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने रासायनिक घडण. प्रश्न १२ मधल्या जोड्या फक्त रचनेवरून सुटतात, तर प्रश्न १४ मधले प्रकार मुख्यतः घडणीवरून. म्हणून काय विचारायचं आहे ते ठरवून चाचणी मागा. भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयात आधी भिंग आणि सूक्ष्मदर्शकाखाली नमुना दाखवून घ्यावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नमुना धुऊन-घासून नेऊ नका, वरचा गंज आणि चिकटलेली मातीही माहिती देते. एक ताजा फोडलेला तुकडा आणि एक मूळ पृष्ठभाग असलेला तुकडा वेगवेगळ्या कागदांत गुंडाळा. गाव, विहीर की खाण की नदीपात्र, किती खोलीवर आणि कोणत्या खडकात सापडला, हे त्याच कागदावर पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते.